कंबरेची चकती बदलायची म्हणताय? आधी एवढं तपासा

गोणी उचलताना कंबरेत काहीतरी कट्‌कन झालं, किंवा गाडीवरून पडल्यावर बसलेलं दुखणं उठेचना. मग एमआरआय झाला, "गादी सरकलीय", "गॅप कमी झालाय" हे ऐकून झालं. पट्टा, गोळ्या, शेक, फिजिओ सगळं झालं. आणि एक दिवस कुणीतरी सांगतं की खराब गादी, म्हणजे दोन मणक्यांमधली चकती, काढून तिथे कृत्रिम चकती बसवता येते, स्क्रू टाकून मणके जखडावे लागत नाहीत, कंबर वाकती राहते. ऐकायला इतकं सरळ वाटतं की पुढचा प्रश्न थेट खर्चाचा येतो.

खर्चाचा प्रश्न शेवटी विचारावा. त्याआधीचा प्रश्न असा की मी या शस्त्रक्रियेत बसतो का. कंबर दुखणाऱ्या बहुतेक माणसांसाठी त्याचं उत्तर "नाही" असतं आणि ते भूलतज्ज्ञाने सुई हातात घेण्याआधी मिळालेलं बरं. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत: बाद व्हायची कारणं आधी, यंत्र आणि पैसे नंतर.

एक गोष्ट सुरुवातीलाच. मानेतली चकती बदलणं आणि कंबरेतली बदलणं या दोन वेगळ्या शस्त्रक्रिया आहेत. वाट वेगळी, धोके वेगळे, पुरावाही वेगळा. शेजारच्या काकांची मानेची झाली आणि ते आठवड्यात फिरायला लागले, हे खरं असलं तरी तुमच्या कंबरेला लागू नाही.

वाट बघू नये अशी लक्षणं

लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, पाऊल घोट्यातून वर न उचलणं (चालताना चप्पल निसटते आणि कळतही नाही). यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. तिथे प्रश्न दबलेली नस तासांत मोकळी करण्याचा असतो, चकती बदलण्याचा नाही.

दुसरा गट शांतपणे येतो: संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून भरपूर दिसतो आणि सुरुवातीला तो साध्या कंबरदुखीचं सोंग घेतो. ईएसआर आणि सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या स्वस्त आहेत, त्या आधीच करून घ्याव्यात. तरुण माणसाची कंबर सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली असेल आणि हालचाल केल्यावर मोकळी होत असेल, तर एकदा संधिवाततज्ज्ञाला दाखवा. अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिसचे, म्हणजे मणके आखडवणाऱ्या संधिवाताचे, कितीतरी रुग्ण वर्षानुवर्षं "गादीचे" म्हणून फिरत असतात.

पहिली पायरी: कंबर जास्त दुखते की पाय?

हा प्रश्न पोरकट वाटेल, पण निम्मा निर्णय इथेच लागतो. शंभरातलं किती दुखणं कंबरेत आणि किती पायात, ते कागदावर लिहा. नितंबातून मांडीमागून पोटरीत, तिथून पावलात जाणारी सणक, मुंग्या, शिंक आल्यावर पायात वीज गेल्यासारखं होणं, हे नस दबल्याचं दुखणं, म्हणजे सायटिका. त्यातलं बरंचसं सहा ते बारा आठवड्यांत आपोआप उतरतं, कारण बाहेर आलेला चकतीचा तुकडा शरीर हळूहळू शोषून घेतं. नाहीच उतरलं तर तेवढा तुकडा काढणारी छोटी शस्त्रक्रिया असते, मायक्रोडिस्केक्टमी. सायटिकासाठी अख्खी चकती बदलायचा सल्ला मिळाला, तर "फक्त तुकडा काढून का भागणार नाही?" हे जरूर विचारा.

कृत्रिम चकतीचा विचार होतो तो मुख्यतः कंबरेतल्या दुखण्यासाठी, आणि ते दुखणं एकाच चकतीतून येतंय अशी दाट शंका असेल तेव्हा. चकतीचं दुखणं साधारणपणे बराच वेळ बसल्यावर, पुढे वाकल्यावर, एसटीच्या मागच्या सीटवर खड्ड्यांतून गेल्यावर वाढतं. उभं राहून मागे वाकल्यावर किंवा कंबर वळवल्यावर जास्त दुखत असेल तर मणक्यांच्या मागच्या सांध्यांकडे बोट जातं. ही ढोबळ खूण आहे, तिच्यावर निदान होत नाही, पण डॉक्टरांना सांगायला नेमकी माहिती मिळते. दुखणं जांघेत असेल आणि मांडी घालून बसताना अडत असेल तर खुब्याचा सांधाही तपासून घ्या. तिथला बिघाड कंबरेच्या नावावर सहज खपून जातो.

सोबत ऑस्वेस्ट्री प्रश्नावली भरून ठेवा. दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, बेरजेची दुप्पट म्हणजे टक्के. जितके जास्त, तितकी कंबर जगणं अडवतेय. दर महिन्याला भरलेले चार-पाच कागद डॉक्टरांसमोर ठेवा. "खूप दुखतं हो" यापेक्षा त्यातून खूप काही कळतं, आणि शस्त्रक्रिया झालीच तर फरक मोजायलाही हेच कागद कामाला येतात.

दुसरी पायरी: एमआरआयला घाबरणं सोडा

रिपोर्ट हातात पडला की त्यातल्या ओळी अंगावर येतात: "एल४-एल५ आणि एल५-एस१ पातळीवर डिस्क डेसिकेशन, डिफ्यूज बल्ज, थीकल सॅकवर दाब." एल म्हणजे कंबरेचे पाच मणके, एस म्हणजे त्याखालचं त्रिकास्थी, आणि एल५-एस१ म्हणजे पाचव्या मणक्याच्या आणि त्रिकास्थीच्या मधली चकती. डेसिकेशन म्हणजे चकतीतलं पाणी कमी होणं, त्यामुळे ती चित्रात काळी दिसते. बल्ज म्हणजे कडेने थोडी फुगणं. थीकल सॅक म्हणजे नसांभोवतीची पिशवी.

आता हे बघा. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन तपासलेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या निघाल्या, चाळिशीत ६८ टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के. फुगलेली चकती विशीतच ३० टक्क्यांना होती. म्हणजे काळी चकती दिसली एवढ्यावरून दुखणं तिथलंच असं ठरत नाही. ती चकती आणि तुमची लक्षणं जुळतात का, हे तपासणाऱ्या हाताने ठरवायचं असतं. एमआरआयची फिल्म दिव्यासमोर धरून, तुम्हाला तपासणीच्या टेबलावर आडवं न करताच शस्त्रक्रियेची तारीख देणाऱ्या डॉक्टरकडून मी तरी उठून येईन.

एमआरआयशिवाय आणखी काही कागद लागतात. उभं राहून काढलेला एक्स-रे, आणि पुढे वाकून व मागे वाकून काढलेले दोन, कारण झोपून काढलेल्या चित्रात सरकणारा मणका लपतो. मागच्या सांध्यांसाठी सीटी स्कॅन. हाडांच्या घनतेसाठी डेक्सा. ड जीवनसत्त्वाची तपासणी. दुखरी चकती कोणती हे बघण्यासाठी पूर्वी डिस्कोग्राफी सर्रास करत, म्हणजे चकतीत सुई घालून द्रव भरायचा आणि तेच दुखणं उठतं का ते पाहायचं. त्या सुईनेच चकतीची झीज वाढू शकते असं २००९ सालच्या एका दीर्घ अभ्यासात दिसलं, त्यामुळे कुणी सुचवली तर तिच्या उत्तराने निर्णयात नेमका काय फरक पडेल ते आधी विचारून घ्या.

तिसरी पायरी: सहा महिने खरे उपचार

अमेरिकेत या चकत्यांना मान्यता देताना अट घातली गेली की किमान सहा महिने शस्त्रक्रियेशिवायचे उपचार करूनही गुण आलेला नसावा. आपल्याकडे हे सहा महिने कसे जातात ते सगळ्यांना माहीत आहे: दहा दिवस शेक आणि करंट, पंधरा दिवस ट्रॅक्शन, मग कुणीतरी सांगितलेला हाडवैद्य, तेल, परत गोळ्या. हे मोजायचं नाही.

मोजायचं ते असं. फिजिओने तुम्हाला बघून बसवलेला, दर दोन-तीन आठवड्यांनी वाढत जाणारा व्यायाम, पोट-पाठ-नितंबाच्या स्नायूंचा. रोजचं चालणं. दुखेल या धास्तीने बंद केलेल्या हालचाली एकेक करून परत सुरू करणं. ही धास्ती स्नायू जितके वाळवते तितके दुखणंही वाळवत नाही. पोटाचा घेर कमी करणं. झोप. आणि तंबाखू सोडणं, मग ती सिगारेट असो, गुटखा असो की मिश्री. चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, तिचं पोषण वरच्या-खालच्या मणक्याच्या हाडातून झिरपत येतं आणि निकोटीन तेच आटवतं. शिवाय शस्त्रक्रियेनंतर धातूच्या प्लेटवर हाड चढायला हवं, त्यालाही निकोटीन नडतं.

पट्ट्याबद्दल: प्रवासात किंवा जड काम करताना तेवढ्यापुरता ठीक. सकाळपासून रात्रीपर्यंत बांधून बसायची ती वस्तू नाही.

हे सगळं मनापासून करणाऱ्यांपैकी बरेच लोक पुढच्या पायरीपर्यंत येतच नाहीत.

चौथी पायरी: बाद व्हायची कारणं

मणक्याची प्रत्येक जोडी तिपाईसारखी तीन पायांवर उभी असते: पुढे चकती, मागे डावा आणि उजवा सांधा. कृत्रिम चकती बसवली की पुढचा पाय नवा झाला. मागचे दोन खिळखिळे असतील तर ते तसेच राहतात, उलट हालचाल टिकवल्यामुळे जास्त घासले जातात. म्हणून सीटीमध्ये मागच्या सांध्यांचा संधिवात दिसला की बहुतेक शल्यचिकित्सक इथेच थांबतात.

माझा मावसभाऊ इथेच बाद झाला. वखारीत काम, एल५-एस१ची चकती पार चपटी झालेली, वय चाळिशीच्या आत. सगळं जमतंय असं वाटत होतं. डॉक्टरांनी सीटीचं आडव्या कापाचं चित्र पडद्यावर मोठं केलं आणि मागच्या बाजूला बोट ठेवलं. एकीकडे सांध्याची फट काळ्या रेघेसारखी स्वच्छ दिसत होती. दुसरीकडे रेघच नव्हती, हाड हाडाला टेकलेलं आणि कडेला टोकं वाढलेली. "पुढची बदलून दिली तरी हे दुखतच राहील," एवढंच ते म्हणाले. त्याने वखारीत काटा-पावतीचं काम मागून घेतलं, वर्षभर व्यायाम केला आणि आज तो ठीक आहे. पूर्ण बरा नाही, ठीक आहे.

बाकीची कारणं:

- हाडं ठिसूळ असणं. एका प्रचलित चकतीच्या अटींमध्ये डेक्साचा टी-स्कोअर (हाडांच्या घनतेचा आकडा) उणे १च्या खाली असला तरी नको म्हटलंय, म्हणजे पूर्ण ऑस्टिओपोरोसिस होण्याच्याही आधी. धातूची प्लेट मऊ हाडात रुतते.
- मणका पुढे सरकलेला असणं, पहिल्या श्रेणीहून जास्त. तसंच मणक्याच्या मागच्या कमानीचं हाड तुटलेलं असणं. वेगवान गोलंदाजांना आणि व्यायामशाळेत अति वजन उचलणाऱ्या पोरांना होतं ते.
- नसांचा मार्ग हाडामुळे अरुंद होणं, कंबर बाजूला वाकडी असणं, जुना अस्थिभंग, आधी मागून शस्त्रक्रिया होऊन सांध्याचा भाग काढलेला असणं.
- कुठलाही चालू जंतुसंसर्ग. दाढ किडून पू झालेली असली तरी आधी ती.
- धातूची ॲलर्जी. चकतीच्या प्लेट बहुधा कोबाल्ट-क्रोमियमच्या असतात. नकली दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने पुरळ येत असेल तर न लाजता सांगा.
- फार मोठं पोट. शस्त्रक्रिया पोटाकडून होते, त्यामुळे हा धोक्याचा भाग आहे, टोमणा नव्हे.
- एकापेक्षा जास्त चकत्या दुखऱ्या असणं. दोन पातळ्यांवरही काही चकत्या बसवतात, पण निवड आणखी कडक हवी.

वयाचं म्हणाल तर साठीनंतर सहसा नाहीच. अमेरिकेच्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने २००७ पासून साठीपुढच्यांसाठी ही शस्त्रक्रिया देशभरात अमान्य ठरवली. लवकरच मूल हवं असणाऱ्या बायकांनी आणि पुरुषांनीही आधी बोलून घ्यावं. पुरुषांचं कारण पुढे येईल.

पाचवी पायरी: पुरावा काय म्हणतो

पहिली खऱ्या अर्थाने वापरात आलेली चकती पूर्व बर्लिनच्या शारिते रुग्णालयात तयार झाली आणि १९८४ साली पहिल्यांदा बसवली गेली. ती घडवणाऱ्या दोघांपैकी कारिन ब्युटनर-यान्झ या म्युनिकच्या १९७२ सालच्या ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची दोन सुवर्णपदकं जिंकलेल्या. पाठ वाकवण्याची किंमत त्यांच्याइतकी कुणाला कळणार! अमेरिकेत त्या चकतीला २००४ साली मान्यता मिळाली, प्रोडिस्क-एल या दुसऱ्या चकतीला २००६ साली, ॲक्टिव्ह-एल या आणखी एकीला २०१५ साली. शारिते याच नावाची ती पहिली चकती आता बाजारात नाही. तुमच्या शरीरात जे यंत्र बसणार त्याच्या आयुष्यापेक्षा तुमचं आयुष्य मोठं असू शकतं, हे एवढ्यावरून लक्षात यावं.

मान्यतेसाठी झालेल्या चाचण्यांमध्ये तुलना होती ती मणके जखडण्याच्या शस्त्रक्रियेशी, आणि चकती तिच्याहून कमी नाही असं दिसलं. पण चकतीच्या कंबरदुखीसाठी जखडण्याचा स्वतःचाच रेकॉर्ड काही फार झळाळता नाही. म्हणून नॉर्वेतला अभ्यास मला जास्त कामाचा वाटतो. तिथल्या पाच विद्यापीठ रुग्णालयांत २५ ते ५५ वयाच्या १७३ रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखं दोन गटांत वाटलं: एका गटाला कृत्रिम चकती, दुसऱ्याला व्यायाम आणि समुपदेशनाचा भरगच्च कार्यक्रम. निकाल २०११ साली आला. दोन वर्षांनंतर दोन्ही गट सुधारले होते. शस्त्रक्रियेचा गट ऑस्वेस्ट्रीवर सरासरी ८.४ गुणांनी पुढे होता. रुग्णाला ठळक जाणवेल असा फरक म्हणून संशोधकांनी आधी १० गुण धरले होते. शिवाय शस्त्रक्रियेच्या गटातल्या एका रुग्णाची चकती निसटली, दुरुस्तीच्या वेळी रोहिणीला इजा झाली आणि शेवटी गुडघ्याखालचा पाय गमवावा लागला. फार दुर्मिळ, पण होऊ शकतं असं.

हाच पुरावा बघून वेगवेगळे देश वेगवेगळ्या निष्कर्षाला आले. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत सरळ लिहिलं की कंबरदुखीसाठी चकती बदलण्याची शस्त्रक्रिया देऊ नका. जखडण्याची शस्त्रक्रियासुद्धा फक्त नियंत्रित चाचणीचा भाग म्हणून. अमेरिकेत आणि जर्मनीत ती निवडक रुग्णांवर होते. आपल्याकडचे शल्यचिकित्सकही दोन्ही बाजूंना आहेत. तेव्हा दोन डॉक्टरांनी दोन टोकांचं सांगितलं तर त्यातला एक लबाड आहे असं समजू नका.

जखडण्याच्या विरोधात नेहमी दिला जाणारा मुद्दा म्हणजे शेजारची चकती लवकर झिजते. गोल्फपटू टायगर वूड्सचं उदाहरण सगळे देतात: २०१७ साली त्याची एल५-एस१ पातळी जखडली, २०१९ साली तो मास्टर्स ही गोल्फची मोठी स्पर्धा जिंकला, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये वरच्याच एल४-एल५ पातळीवर त्याला कृत्रिम चकती बसवावी लागली. त्यातून काय घ्यायचं ते घ्या. जखडूनही माणूस मास्टर्स जिंकला हेही त्यातच आहे. शेजारची चकती जखडण्यामुळेच झिजते की ती तशीही झिजणारच होती, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे.

सहावी पायरी: डॉक्टरांना विचारायचं ते

ही शस्त्रक्रिया पाठीतून होत नाही, हे ऐकून बरेच जण चमकतात. बेंबीच्या खाली, थोडं डाव्या अंगाला छेद घेतात. आतडी त्यांच्या आवरणासकट बाजूला सारून मणक्याच्या पुढच्या अंगाला पोचतात. तिथे समोर महारोहिणी आणि महाशीर, आणि त्यांच्या पायांकडे जाणाऱ्या शाखा आडव्या असतात. एल४-एल५साठी त्या हलक्या हाताने सरकवून धराव्या लागतात, एल५-एस१ला बहुधा त्यांच्या दुभंगाखालच्या जागेतून काम होतं. या वेळी डाव्या पायाच्या अंगठ्याला पल्स ऑक्सिमीटर लावून ठेवतात, कोविडमध्ये घरोघरी होता तोच, म्हणजे रोहिणी दाबली गेली तर आकडा लगेच बोलतो. मग चकती पूर्ण काढायची, मणक्यांचे पृष्ठभाग साफ करायचे, पडद्यावरच्या एक्स-रेत बघत मापाचा नमुना घालून मध्यरेषा जुळवायची आणि खरी चकती ठोकून बसवायची: वर-खाली धातूच्या दोन प्लेट, हाडाकडून खरखरीत, आणि मध्ये कठीण पॉलिथिनचा घुमट. दोन-चार मिलिमीटर कडेला गेली तरी भार तिरका पडतो.

हे वाचल्यावर प्रश्न आपोआप सुचतात. रक्तवाहिन्या सरकवायला वाहिनीशल्यचिकित्सक टेबलापाशी असणार का, की "लागला तर बोलावू"? तुम्ही स्वतः कंबरेच्या किती चकत्या बसवल्यात, मानेच्या सोडून? त्यातल्या किती परत उघडाव्या लागल्या? ही चकती पुढे काढावी लागली तर काय योजना? हा शेवटचा प्रश्न सोडू नका. दुसऱ्यांदा त्याच वाटेने जाताना शिरा आणि रोहिण्या व्रणात चिकटलेल्या असतात आणि धोका पहिल्याहून खूप मोठा असतो. म्हणून पुष्कळदा चकती आत तशीच ठेवून मागून स्क्रू टाकून ती पातळी जखडतात.

पुरुषांसाठी एक प्रश्न, जो ओपीडीत बायको-आई बसलेली असताना विचारला जात नाही. एल५-एस१च्या पुढ्यात बारीक मज्जातंतूंचं जाळं असतं. ते दुखावलं तर वीर्य बाहेर न येता उलट मूत्राशयात जातं. शिश्नाच्या ताठरतेवर सहसा परिणाम होत नाही, पण मूल होण्यात अडचण येते. मूल हवं असेल तर शुक्राणू आधी साठवून ठेवायचे का, हे एकट्याने भेटून विचारा. बायकांनी सिझेरियन किंवा पोटाची इतर ऑपरेशनं झाली असतील तर तारखांसकट सांगावीत.

दुसरं मत घ्याच, आणि ते वेगळ्या रुग्णालयातल्या, शक्यतो ही शस्त्रक्रिया स्वतः न करणाऱ्या डॉक्टरचं. पहिल्या डॉक्टरचं नाव सांगू नका. फक्त फिल्म आणि ऑस्वेस्ट्रीचे कागद द्या.

सातवी पायरी: पैसे

अंदाजपत्रक लेखी मागा आणि त्यात चकतीची किंमत वेगळी लिहून घ्या. नाव, मॉडेल, कंपनी सगळं. "पॅकेज" या एका शब्दावर समाधान मानू नका. विमा असेल तर टीपीएची (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेची) पूर्वमंजुरी त्याच नावाने मागवा. "स्पाइन सर्जरी" एवढंच लिहून मंजुरी आली तर बिलाच्या वेळी चकतीवरून कटकट होते. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाळ २०२४ पासूनच्या नियमांनुसार जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, तुमच्या पॉलिसीत किती उरलाय ते बघा. दुखापत कामावर झाली असेल आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू असेल, तर अपघाताची नोंद झाली आहे ना याची खात्री करा. सरकारी योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

शस्त्रक्रिया ठरलीच तर

घरी आधी तयारी. भारतीय पद्धतीचं संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा. रोजची भांडी, डबे ओट्याच्या उंचीवर घ्या. बादली अर्धीच भरायची हे घरच्यांना आत्ताच सांगा. खाली जमिनीवर बसणं काही आठवडे बंद.

साधारणपणे दुसऱ्या दिवशी, कधी त्याच संध्याकाळी चालवतात. पोटाकडून वाट काढलेली असल्याने पहिले दोन-तीन दिवस पाठीपेक्षा पोटच जास्त कुरकुरतं. वारा सरकेपर्यंत पातळच खायला देतात. उठताना आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि हाताच्या रेट्याने वर यायचं. डावा पाय उजव्याहून गरम वाटला तर घाबरू नका, वाटेतले रक्तवाहिन्या आकसवणारे मज्जातंतू दुखावल्यामुळे असं होतं आणि बहुधा हळूहळू जातं. पोटरी सुजून दुखली किंवा दम लागला तर मात्र लगेच कळवा, शिरेत गुठळी झालेली असू शकते. ताप, टाक्यातून पाणी येणं, पायात नवीन अशक्तपणा हेही त्याच यादीत.

सुरुवातीचे आठवडे मागे वाकायचं नाही, कारण मणक्यांना पुढून बांधणारा अस्थिबंध कापूनच चकती आत गेलेली असते. ओट्यावरच्या उंच फळीतलं काढताना माणूस नकळत मागे झुकतो, तिथे लक्ष ठेवा. वजन उचलणं, दुचाकी, शेतातलं काम कधी सुरू करायचं याचं वेळापत्रक तुमच्या शल्यचिकित्सकाकडून लिहून घ्या. प्रत्येकाची पद्धत वेगळी असते. दुचाकीवर बसायला परवानगी मिळाली म्हणजे आपल्याकडच्या रस्त्यांवर मागच्या सीटवर बसायला मिळाली, असं धरू नका.

चकतीच्या डब्यावरचा स्टिकर, मॉडेल आणि बॅच क्रमांकाचा, फाइलमध्ये चिकटवून घ्या आणि त्याचा फोटो काढा. पुढे कधीही एमआरआय करायचा झाला तर तंत्रज्ञ तो विचारेल. कोबाल्ट-क्रोमियममुळे त्या जागेचं चित्र विस्कटतं, त्यामुळे वेगळी पद्धत किंवा सीटी लागू शकतो. ठरलेले एक्स-रे दुखत नसलं तरी करा. प्लेट रुतणं, घुमट झिजणं, चकतीभोवती हाड वाढून ती गोठणं, हे आधी चित्रात दिसतं, कंबरेला नंतर कळतं.

आणि वर्षानेही दुखत राहिलं तर लगेच चकती काढायच्या गोष्टीला मान डोलवू नका. आधी मागच्या सांध्यात बधिर करणारं इंजेक्शन देऊन तिथलं दुखणं आहे का ते बघावं, मग त्रिकास्थी आणि कटीच्या हाडांमधले सांधे, खुबे, शेजारची चकती. हे सगळं तपासून झाल्यावरच, तेही पहिल्या टीमच्या बाहेरच्या एका डॉक्टरचं मत घेऊन.